माहिती मिळते, पण केव्हा?

वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील अगदी दक्षिणेकडचे गाव. गावाची वेस ओलांडली की तेरेखोलचा किल्ला लागतो आणि गोव्याची हद्द सुरू होते. द्विभुज गणपतीमुळे भाविकांना आणि यशवंतगडामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना हे गाव परिचित आहे. शासकीय दप्तरात मात्र रेडीची ओळख आहे ती लोहखनिजाच्या खाणींची आणि ते खनिज बाहेर नेणाऱ्या बंदराची. माडाच्या बागा, भातशेती आणि मासेमारी यांच्या सोबतीने अनेक दशके खाणकाम पाहिलेल्या अशा गावातील माणसाला शासनाला जे प्रश्न विचारावयाचे असतात ते साधेच असतात. खाणपट्ट्याची मुदत केव्हा संपते? खाणीतून उपसलेले पाणी कोठे सोडण्यास परवानगी आहे? खाणकाम संपल्यावर खड्ड्याचे काय करावयाचे याचा आराखडा मंजूर झाला आहे काय? बंदराच्या विकासकाशी झालेल्या करारात गावाच्या वाटा, जेटी आणि मच्छीमारांच्या होड्या यांविषयी काय लिहिले आहे?

यांपैकी एकही प्रश्न राष्ट्राच्या सुरक्षिततेचा नाही. एकाही उत्तरामुळे परराष्ट्र संबंधांना बाध येणार नाही. ही उत्तरे कोणत्या ना कोणत्या कार्यालयाच्या कपाटात लेखी स्वरूपात असतात आणि माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने ती मागण्याचा हक्क नागरिकाला दिलेला आहे. हक्क मान्य झाल्याला आता दोन दशके उलटली. त्यामुळे आजचा प्रश्न माहिती मिळते की नाही एवढाच राहिलेला नाही. ती केव्हा मिळते हा आहे. निर्णय होण्यापूर्वी हाती आलेल्या माहितीने नागरिक त्या निर्णयात सहभागी होतो. डोंगर खणून झाल्यावर आलेली माहिती ही केवळ इतिहासाची नोंद ठरते. हा फरक ज्या यंत्रणेच्या कारभारावर अवलंबून आहे, ती म्हणजे माहिती आयोग.

शेजाऱ्यांना आधी, आपल्याला नंतर

माहितीच्या हक्काचा प्रवास रेडीच्या भूगोलातूनही सांगता येतो. हद्दीपलीकडच्या गोव्याने १९९७ मध्येच माहितीच्या अधिकाराचा कायदा केला होता. तेरेखोलच्या रहिवाशाला जो हक्क होता, तो शेजारच्या रेडीकराला नव्हता. महाराष्ट्राने २००० मध्ये केलेला कायदा इतका तोकडा होता की तो बदलावा लागला. २००२ मध्ये अध्यादेशाच्या मार्गाने नवा कायदा आला. परंतु त्यावर राष्ट्रपतींची संमती मिळण्यास ऑगस्ट २००३ उजाडला आणि त्यासाठी अण्णा हजारे यांना मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषणास बसावे लागले. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने हजेरीपटांची आणि बिलांची जाहीर वाचने सुरू करून या मागणीला गावपातळीवरचे अधिष्ठान त्याआधीच मिळवून दिले होते. अखेर संसदेने मे २००५ मध्ये केंद्रीय कायदा संमत केला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून तो पूर्णपणे अमलात आला.

या कायद्याचे वेगळेपण केवळ हक्क देण्यात नव्हते. माहिती नाकारणाऱ्या अधिकाऱ्याच्याच वरिष्ठाकडे दाद मागून भागत नाही, हा अनुभव ध्यानी घेऊन केंद्रात आणि प्रत्येक राज्यात स्वतंत्र आयोग निर्माण करण्यात आला. मुख्य माहिती आयुक्त आणि जास्तीत जास्त दहा आयुक्त अशी त्याची रचना आहे. माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अधिकाऱ्यावर टाकली. ती का हवी हे सांगण्याचे बंधन नागरिकावर ठेवले नाही. विनाकारण विलंब लावणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये आणि कमाल २५ हजार रुपये शास्ती करण्याचा अधिकार आयोगाला दिला. महाराष्ट्रात मुंबईतील मुख्यालयाखेरीज आयोगाची खंडपीठे स्थापन झाली. त्यांपैकी कोकण खंडपीठ नवी मुंबईत आहे. रेडीपासून ते पाचशे किलोमीटरच्या आसपास पडते.

एका अहवालाची गोष्ट

आयोग वेळेवर उभा राहिला तर काय घडू शकते, याचे उदाहरण सिंधुदुर्गाशीच निगडित आहे. पश्चिम घाटाच्या परिसराचा अभ्यास करण्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० मध्ये ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील नव्या खाण प्रस्तावांना पर्यावरणविषयक अनुमती देण्यावर मंत्रालयाने स्थगिती आणली. या दोन जिल्ह्यांत खाणकाम, वीजनिर्मिती आणि प्रदूषणकारी उद्योग यांची पुढील दिशा काय असावी, हेही सुचविण्याचे काम समितीकडे सोपविण्यात आले. समितीने ऑगस्ट २०११ च्या अखेरीस आपला अहवाल मंत्रालयाला सादर केला. आणि तो मंत्रालयातच राहिला.

ज्यांच्या जमिनी, पाणी आणि रोजगार यांविषयी हा अहवाल होता, त्यांना तो वाचावयास मिळेना. केरळमधील एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली त्याची प्रत मागितली, तेव्हा ती नाकारण्यात आली. अहवालावर अद्याप विचार सुरू आहे, राज्यांशी सल्लामसलत व्हावयाची आहे आणि तो उघड झाल्यास राज्याच्या वैज्ञानिक व आर्थिक हितास बाधा येईल, अशा आशयाची भूमिका मंत्रालयाने घेतली. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले. आयुक्त शैलेश गांधी यांनी ९ एप्रिल २०१२ रोजी अहवाल उघड करण्याचा आदेश दिला. महत्त्वाची धोरणे आखताना त्यांच्याशी संबंधित सर्व वस्तुस्थिती शासनाने प्रसिद्ध केली पाहिजे, असे कायद्याचे चौथे कलम सांगते. धोरण ठरण्याआधी लोकांना चर्चा करता यावी हाच त्या तरतुदीचा हेतू असल्याने ‘विचार सुरू आहे’ हे कारण माहिती दडविण्याचे नव्हे, तर ती देण्याचे ठरते.

मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने १७ मे २०१२ रोजी मंत्रालयाची याचिका फेटाळली. पर्यावरणाचे रक्षण आणि राज्याचे वैज्ञानिक वा आर्थिक हित हे परस्परांच्या विरोधात असू शकत नाहीत, असा त्या निकालाचा गाभा होता. त्याच महिन्यात अहवाल मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आला. समितीने काम संपविल्यापासून सुमारे नऊ महिन्यांनी नागरिकांना तो पाहता आला.

या अहवालातील शिफारशींविषयी मतभेद असू शकतात आणि ते तीव्र आहेत. कोकणातही समितीवर टीका करणारे आहेत, तसेच तिचे समर्थक आहेत. पुढे के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने २०१३ मध्ये वेगळा अहवाल दिला आणि केंद्राने प्रारूप अधिसूचनांमागून प्रारूप अधिसूचना काढल्या. सहावे प्रारूप ३१ जुलै २०२४ रोजीचे आहे. परंतु हा वाद लोकांमध्ये होऊ शकला तो अहवाल लोकांसमोर आल्यामुळे. आपल्या गावांचा परिसर संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करावा, असे ठराव सिंधुदुर्गातील पंचवीस गावांनी केल्याची नोंद त्यातूनच सर्वदूर पोहोचली. आयोगाचा आदेश चार वर्षांनी आला असता, तर तोवर निर्णय होऊन गेले असते आणि वाद घालण्यासारखे काही उरले नसते.

मुदत नसलेला टप्पा

आता हाच न्याय गावपातळीवरील अर्जाला लावून पाहू. समजा, खाणीतून वाहून येणारे पाणी शेतात शिरते म्हणून एखाद्या शेतकऱ्याने पावसाळ्यापूर्वी अर्ज केला. जन माहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. उत्तर न आल्यास वा असमाधानकारक असल्यास तीस दिवसांत पहिले अपील करता येते. त्यावर तीस, आणि कारणे नोंदवून फार तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय झाला पाहिजे. म्हणजे अगदी रेंगाळले तरी साडेतीन महिन्यांत हे दोन टप्पे संपतात. त्यानंतर नव्वद दिवसांच्या आत आयोगाकडे दुसरे अपील करावयाचे.

येथपर्यंत प्रत्येक पायरीला मुदत आहे. आयोगाने मात्र किती दिवसांत निकाल द्यावा, याविषयी कायद्यात एक शब्दही नाही. कायदा करणाऱ्यांनी आयोगावर विश्वास टाकला. ती जागा पुढे थकबाकीने व्यापली. सतर्क नागरिक संघटन या दिल्लीतील संस्थेने देशभरातील आयोगांच्या कामकाजाची २०२३ आणि २०२४ मध्ये जी पाहणी केली, तीत महाराष्ट्र राज्य माहिती आयोगापुढील प्रलंबित अपिले व तक्रारींची संख्या एक लाखाहून अधिक आढळली. त्या वेळी देशातील कोणत्याही राज्यात एवढी थकबाकी नव्हती. ज्या राज्याने माहितीच्या चळवळीचे नेतृत्व केले, त्यानेच या यादीत अग्रस्थानी असावे, ही खेदाची बाब होय.

थकबाकीचे मोठे कारण दडलेले नाही. आयुक्तांची पदे मुदत संपल्यावर महिनोन्महिने रिकामी ठेवली जातात. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०१९ रोजीच्या निकालात पदे रिक्त होण्याच्या पुरेशी आधी निवडीची प्रक्रिया सुरू करावी, असे बजावले होते. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये, पदे भरली नाहीत तर हा कायदा केवळ कागदावर उरेल, असा इशारा त्याच न्यायालयाला द्यावा लागला. न्यायाधीशांची जागा रिकामी राहिली तर खटला लांबतो. माहिती आयुक्ताची जागा रिकामी राहिली तर ज्या कार्यालयाला माहिती द्यावयाची नाही त्याचा थेट लाभ होतो. पद रिक्त ठेवणे हाही माहिती नाकारण्याचाच एक प्रकार आहे आणि त्यासाठी कोणतेही कलम उद्धृत करावे लागत नाही.

ही थकबाकी अटळ आहे असेही नाही. वर उल्लेखिलेल्या शैलेश गांधी यांनी २००८ ते २०१२ या आपल्या कारकीर्दीत वीस हजारांहून अधिक प्रकरणे निकाली काढली. थोडक्यात आदेश, नेमकी कार्यसूची आणि कागदपत्रांचे संगणकीकरण यांच्या बळावर हे शक्य होते. शास्तीबाबतही हेच म्हणता येईल. शास्ती करण्यास योग्य अशा बहुसंख्य प्रकरणांत आयोग ती करीतच नाहीत, असे पाहण्यांतून वारंवार दिसून आले आहे. ज्या दंडाची भीती उरलेली नाही, तो अधिकाऱ्याला मुदत पाळावयास लावील अशी अपेक्षा तरी कशी करावी?

एक प्रश्न, अनेक दारे

खाणपट्ट्यातील गावांची आणखी एक अडचण आहे. त्यांना हवी असलेली माहिती एका जागी नसते. स्वामित्वधनाची नोंद ओरोस येथील जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत, भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय नागपुरात, खाणकामाचे आणि खाण बंद करण्याचे आराखडे मंजूर करणाऱ्या भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालयही नागपुरात, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि महाराष्ट्र सागरी मंडळ यांची मुख्यालये मुंबईत, असा हा पसारा आहे. यांतील खाण ब्युरो केंद्राचे असल्याने त्याच्याविरुद्धचे दुसरे अपील दिल्लीतील केंद्रीय आयोगाकडे जाते. उरलेल्यांविरुद्धचे राज्य आयोगाकडे. गावकऱ्याच्या दृष्टीने खाण एकच असते, पण तिच्याविषयीचा त्याचा प्रश्न दोन आयोगांत विभागला जातो. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठविण्याचे बंधन सहाव्या कलमाने घातले आहे. ते काटेकोर पाळले गेले, तरी निम्मी पायपीट वाचेल.

वास्तविक यांपैकी बरीचशी माहिती मागावी लागूच नये. पर्यावरणीय परिणामांविषयीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार अनुमतीतील अटींचे पालन कसे झाले, याचा अहवाल प्रकल्पधारकाने दर सहा महिन्यांनी, म्हणजे १ जून आणि १ डिसेंबर रोजी, द्यावयाचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. २०१५ मध्ये खाण कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. जुन्या खाणपट्ट्यांच्या बाबतीत स्वामित्वधनाच्या तीस टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांच्या बाबतीत दहा टक्के रक्कम त्यांत भरावयाची असते. ती रक्कम खाणबाधित गावांसाठी आहे. तेव्हा किती जमा झाली आणि कशावर खर्च झाली, याचा हिशेब ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागला पाहिजे. चौथे कलम नेमके हेच सांगते. माहिती स्थानिक भाषेत, स्वस्तात आणि आपणहून द्यावी, म्हणजे अर्ज करण्याची वेळ कमीत कमी येईल. प्रत्यक्षात खाण प्रकल्पांचा सारांश तेवढा मराठीत मिळतो. ज्या पानांवर पाण्याची आणि धुळीची आकडेवारी असते ती इंग्रजीतच राहतात.

येथे अधिकाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. काही अर्जदार त्याच त्या विषयावर शेकडो अर्ज करतात, माहितीचा उपयोग दबावासाठी होतो, कर्मचारी अपुरे आहेत, या तक्रारी सर्वस्वी निराधार नाहीत. त्यांना उत्तर म्हणून राज्याने २०१२ मध्ये एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आणली. परंतु अर्ज आखूड केल्याने अर्जांची गरज कमी होत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांतील अभिलेख दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना पाहू देण्याचा निर्णय केला. अर्जांचा भार हलका करण्याचा खरा मार्ग तो आहे. ज्याला कागद डोळ्यांनी पाहता येतो, तो प्रतीसाठी अपिले करीत बसत नाही.

पाया आणि छप्पर

गेल्या काही वर्षांत कायद्याचा पायाही हलला आहे. मूळ कायद्यात आयुक्तांची मुदत पाच वर्षे आणि त्यांचे वेतन निश्चित होते. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत व वेतन ठरविण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे गेला आणि नियमांनी मुदत तीन वर्षांवर आणली. राज्य आयोगांनाही हेच लागू झाले. ज्या सरकारकडून माहिती मिळवून द्यावयाची, त्याच्याच मर्जीवर नेमणुकीच्या अटी अवलंबून असणे हे स्वायत्ततेला पोषक नव्हे. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने आठव्या कलमातील व्यक्तिगत माहितीविषयीची तरतूदही बदलली. व्यक्तिगत माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे काय, हे तपासण्याची जुनी कसोटी त्यातून गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा बदल अमलात आला. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याची मुभा देणारे उपकलम शिल्लक आहे, हे खरे. परंतु लाभार्थ्यांच्या यादीतील नाव वा परवान्यावरील सही ‘व्यक्तिगत’ म्हणून झाकण्याचा मोह जेव्हा होईल, तेव्हा नागरिकाला आयोगाकडेच धाव घ्यावी लागेल. म्हणजे ज्या काळात आयोगाची गरज वाढणार आहे, त्याच काळात तो थकबाकीखाली दबलेला आहे.

यावरील उपाय अवघड नाहीत आणि त्यासाठी नवा कायदाही लागत नाही. आयुक्ताचे पद रिक्त होण्यापूर्वीच निवड पूर्ण व्हावी. दुसऱ्या अपिलाचा निकाल किती दिवसांत देणार, हे आयोगाने स्वतःहून जाहीर करावे आणि तो हिशेब आपल्या वार्षिक अहवालात विधिमंडळापुढे ठेवावा. पाणी, आरोग्य आणि चालू असलेले उत्खनन यांसंबंधीची प्रकरणे स्वतंत्र क्रमाने घ्यावीत. कारण त्यांत गेलेला काळ परत मिळत नाही. कोकण खंडपीठाने वर्षातून ठरावीक दिवस ओरोस येथे बसून सुनावणी करावी. एक दिवसाच्या सुनावणीसाठी रेडीच्या शेतकऱ्याने दोन रात्रींचा प्रवास करण्यापेक्षा आयोगाने एकदा जिल्ह्यात यावे, हे अधिक न्याय्य ठरेल. गावकऱ्यांनीही ग्रामसभेत सहा महिन्यांचा अनुपालन अहवाल आणि खनिज प्रतिष्ठानाचा जमाखर्च वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा. हक्क वापरात राहिला तरच तो शाबूत राहतो.

खनिज एकदा उपसले की पुन्हा भरत नाही. जहाजात चढलेले लोहखनिज किनाऱ्यावर परत येत नाही. म्हणून खाणीच्या गावाला माहिती हवी असते ती फावडे मातीत पडण्यापूर्वी. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून केलेल्या अर्जाला पहिला पावसाळा सरण्याआधी उत्तर मिळाले, तर हा कायदा रेडीपर्यंत पोहोचला असे म्हणता येईल. तोच अर्ज तीन पावसाळे आयोगाच्या दप्तरात पडून राहिला, तर उत्तर काहीही येवो, गावापुरता निकाल आधीच लागलेला असेल.